नंबर, पलटण आणि जुना तालुका

‘आमचे पणजोबा पहिल्या लढाईत बसऱ्याला गेले होते.’ सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांत हे वाक्य ऐकू येतं आणि बहुतेक घरांत ते तिथेच थांबतं. कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, परत आले की नाही, हे सांगणारी पिढी गेली. मग नातवंडं-पतवंडं नाव घेऊन शोधाला लागतात आणि अडकतात. मारुती जाधव, ज्ञानू शिंदे, रामा पवार अशी नावं एकेका तालुक्यात पैशाला पासरी. त्यात गोऱ्या कारकुनाने ती कानाला लागली तशी इंग्रजीत लिहिलेली. लष्कराच्या कागदांत शिपाई नावाने सापडत नाही. तो सापडतो नंबरने, पलटणीने आणि गावाने. तेही गाव त्या काळच्या तालुक्यासह.

यातल्या दोन गोष्टी अनेकदा घरातच असतात, ट्रंकेत नाहीतर देव्हाऱ्यात. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण इंग्रजी अक्षरांत कोरलेली असे. ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि ‘व्हिक्टरी मेडल’ या गोल पदकांच्या काठावर भिंगातून पाहावं. तारेच्या आकाराचं ‘१९१४-१५ स्टार’ असेल, तर मजकूर पाठीवर सापडतो. हा तारा म्हणजे माणूस १९१५ संपण्याआधीच रणक्षेत्रावर पोचल्याची खूण. वॉर मेडल लढाऊ शिपायाला चांदीचं मिळे. हमाल, खेचरवाले अशा बिनलढाऊ माणसांना तेच ब्राँझचं मिळालं. चांदीची पदकं अडीअडचणीला सोनाराकडे मोडली गेली. त्यामुळे पुष्कळ घरांत चांदीचं गेलं आणि मोलाने हलकं म्हणून व्हिक्टरी मेडल तेवढं राहिलं. शोधाला तेही पुरतं, कारण काठावरचा मजकूर तोच आहे. पदक घासून चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळावा. अक्षरं झिजली की धागा तुटतो.

पलटणीचा आकडा हाती आला की तिची वंशावळ पाहावी लागते. जुन्या मुंबई फौजेच्या पायदळ पलटणींना १९०३ साली सरसेनापती किचनरच्या फेररचनेत नवे आकडे मिळाले. मराठा पलटणींपुरता हिशेब सोपा आहे: जुन्या आकड्यात शंभर मिळवायचे. तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी, सतरावीची ११७ वी. म्हणजे पूर्वज एकोणिसाव्या शतकातला असेल तर उलट शंभर वजा करून शोधायचं. १९२२ च्या फेररचनेत याच पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री’ या एका रेजिमेंटच्या बटालियन झाल्या: १०३ वी पहिली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, ११४ वी शिक्षणाची दहावी बटालियन ठरली. ‘आजोबा पाचवीत होते’ या घरच्या आठवणीचे त्यामुळे एकाहून जास्त अर्थ निघतात. साल कळल्याशिवाय त्यातला खरा कोणता ते ठरत नाही.

तिसरी किल्ली गावाची, आणि सांगलीकरांची फसगत इथेच होते. महायुद्धाच्या काळी सांगली जिल्हा नव्हताच. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात होता. सांगली, मिरज, जत ही संस्थानं होती आणि आटपाडी औंध संस्थानात होती. १९४९ मध्ये संस्थानी मुलूख जोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्यामुळे तासगावचा शिपाई सातारा जिल्ह्याखाली शोधावा लागतो आणि जतचा संस्थानाच्या नावाखाली.

माणूस परदेशात मेला असेल तर काम तुलनेने सोपं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची यादी संकेतस्थळावर सर्वांना खुली आहे. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. मृत्यूची तारीख तर बरंच काही बोलते. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढलेल्या जनरल टाउनशेंडच्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये होत्या. यांपैकी एखादीतला शिपाई नोव्हेंबर १९१५ च्या अखेरीस गेला असेल, तर बगदादच्या दारातली टेसिफोनची लढाई आठवावी. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात गेला असेल, तर कुत-अल-अमाराचा वेढा. त्यानंतरची तारीख असेल, तर बहुधा तुर्कांची कैद. शरण आलेल्या शिपायांना वाळवंटातून पायी चालवत नेलं आणि पुष्कळांना बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. ११४ व्या पलटणीपुढे ऑक्टोबर १९१८ च्या शेवटच्या दिवसांतली तारीख दिसली, तर ती शरकतची लढाई.

मेसोपोटेमियात गेलेल्या, पण कबरीचा पत्ता नसलेल्या शिपायांचं स्मारक बसऱ्याजवळ आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली आहेत, हिंदी अंमलदारांचीही. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आहे. कमिशनच्याच समितीने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव कबूल केला. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन मिळून ४५ ते ५४ हजार मृतांची स्मृती गोऱ्यांच्या बरोबरीने जपली गेली नाही, असा त्यांचा अंदाज आहे.

जिवंत परतलेल्याचा शोध जास्त अवघड. मृतांची यादी करायला कुणीतरी बसलं होतं, परतलेले नांगर धरून मोकळे झाले. त्यांच्यासाठी डिस्चार्जचा दाखला आणि पेन्शनीचं बुक हेच आधार. ते नसतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगावचं मराठा रेजिमेंटल सेंटर इथे नंबर-पलटण देऊन विचारता येतं. हाती काही लागेलच असं नाही. ही कुचंबणा फक्त आपली नाही: महायुद्धातल्या ब्रिटिश शिपायांच्या निम्म्याहून जास्त सेवानोंदी १९४० च्या जर्मन बाँबहल्ल्यात लंडनमध्ये जळाल्या.

महार कुटुंबांनी कालखंड वेगळे धरावेत. १८९० च्या दशकात इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. त्याआधीचे पूर्वज मुंबई फौजेच्या जुन्या पलटणींत सापडतील. महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर मोडली. पुन्हा दार उघडलं ते १९४१ मध्ये, बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबासह साताऱ्याला राहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या भीमाचं, म्हणजे पुढच्या डॉ. आंबेडकरांचं, नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झालं. लष्करी शिक्षण आणि पेन्शन यांनी एका घरात काय घडवलं, आणि भरतीबंदीने पुढच्या पिढ्यांचं काय हिरावलं, हे एकाच उदाहरणात दिसतं.

एवढं करून हाती काय येतं? पत्रं नाहीत, फोटो क्वचित. पण पलटण आणि साल पक्कं झालं की लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या वॉर डायऱ्या उघडता येतात. त्यांत शिपायाचं नाव बहुधा नसतंच. पलटणीने त्या दिवशी कुठे कूच केलं, किती माणसं पडली, पाऊस होता का, हे असतं. पणजोबा काय म्हणाले ते कळणार नाही, पण अमुक दिवशी त्यांची पलटण कुठे होती हे कळेल.

हा शोध एकट्या घराने करण्यापेक्षा गावाने करावा, हे उत्तम. युद्धानंतर सरकारने कितीतरी गावांत दगडी पाट्या बसवल्या. गावातून किती माणसं लढाईला गेली आणि किती मेली, एवढे आकडेच त्यांवर आहेत. सातारा जिल्ह्यातलं मिलिटरी अपशिंगे आपले ४६ जण पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडल्याचं सांगतं आणि तोच गावाचा अभिमान आहे. पण आकडा अभिमानाला पुरतो, नातवंडांना पुरत नाही. एका घरातलं पदक, दुसऱ्यातला दाखला आणि कमिशनच्या यादीतली गाव-तालुक्याची नोंद एकमेकांशेजारी ठेवली, तर एका उन्हाळी सुट्टीत शाळेची मुलंसुद्धा त्या आकड्यामागची नावं जमवू शकतील. बसऱ्याच्या दगडावर जे सरकारने केलं नाही, ते ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गावाला करता येईल.