आपली फरशी, दुसऱ्याचं छत : घरातल्या सायकलीसाठी ट्रेनर कोणता?

मागच्या व्याख्यानानंतर अंबरनाथच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "सर, पावसाळ्यात घरातच सायकल चालवायची आहे. सगळ्यात चांगला ट्रेनर कोणता?" आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे 'सगळ्यात चांगला' हे शब्द ऐकले की आम्ही आधी विचारतो : कशासाठी चांगला, आणि कोणासाठी?

प्रश्न मात्र खरा आहे. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणारा रस्ता सायकलवाल्यांचा लाडका. पण आपल्याकडचा पाऊस कसा असतो हे वेगळं सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. अशा दिवसांत सायकल भिंतीला टेकते, आणि सत्तरीतल्या माणसाचे गुडघे चार महिन्यांत सगळं विसरतात. डॉक्टरांनी आम्हांला बजावलं होतं, काहीही करा, पण थांबू नका.

आता विचार करा, रस्ता आपल्याला काय देतो? तीन गोष्टी : विरोध, तोल आणि वारा. कुठलाही ट्रेनर यातलं थोडं परत देतो, थोडं हिरावतो. निवड करायची ती इथे.

पहिला प्रकार रोलर. तीन फिरते दंडगोल; त्यांवर सायकल नुसती ठेवायची, कुठेही बांधायची नाही. तोल सगळा तुमचा. पायांची लय आणि हातांची स्थिरता यानं उत्तम सुधारते. पण साध्या रोलरवर विरोध कमी, आणि लक्ष चुकलं की पडणं आलं. तरुणांनी जरूर शिकावं, भिंतीजवळ. आमच्या वयाला नको.

दुसरा प्रकार, मागचं चाक तसंच ठेवून सायकल स्टँडमध्ये पकडायची. चाक एका छोट्या रोलरवर घासत फिरतं. विरोध कधी चुंबकाचा असतो : चुंबकांमध्ये धातूची चकती फिरली की तिच्यात विद्युतप्रवाह उठतात आणि तेच तिला अडवतात. कधी तेलाचा असतो : बंद डबीतल्या तेलात पंखा फिरतो, वेग वाढला की विरोध भराभर वाढतो. तेलाचा सहसा कमी आवाजाचा आणि रस्त्याच्या जास्त जवळचा, चुंबकाचा स्वस्त. घेण्याआधी आपल्या सायकलीचा मागचा आस बघा. नटाचा असेल तर वेगळा जोड लागू शकतो. आणि खडबडीत टायर काढून गुळगुळीत टायर लावा, नाहीतर कानठळ्या बसतात.

तिसरा प्रकार, मागचं चाक काढून साखळी थेट यंत्रावर चढवायची. टायर घासण्याचा प्रश्नच नाही, आवाज सर्वांत कमी, किंमत मात्र कित्येक पट. यातले बहुतेक 'स्मार्ट' असतात. पडद्यावर चढ आला की पायाला चढ लागतो. डिसेंबर २०२० मध्ये सायकलिंगची पहिली ई-स्पोर्ट्स विश्वस्पर्धा झाली, ती स्पर्धकांनी आपापल्या जागी अशाच यंत्रांवर खेळली. पण यंत्रावरच्या दातेरी चकत्या तुमच्या गिअरला जुळतात का, हे आधी तपासा. बिनगिअरच्या सायकलीला हा मार्ग जवळजवळ बंदच.

आणि वारा? तो कोणीच देत नाही. पायांनी १०० वॉट काम केलं, तर शरीरात ३०० ते ४०० वॉट उष्णता तयार होते. रस्त्यावर ती वारा नेतो. खोलीत ती अंगावरच राहते. म्हणून समोर मोठा पंखा, हाताशी पाणी आणि हँडलवर पंचा हवाच. घामाने लोखंड गंजतं, तेही लक्षात ठेवा.

आता आमची चूक सांगतो. आम्ही स्वस्त चुंबकी ट्रेनर आणला, खडबडीत टायरसकट, आणि रोज सकाळी साडेसातला सुरू केलं. आठवड्याने खालच्या मजल्यावरचा मुलगा वर आला. भांडायला नव्हे. एवढंच म्हणाला, "काका, मी एमआयडीसीत रात्रपाळीला असतो. सातला झोपतो." त्याचे डोळे लाल होते. आम्ही वर्गात कर्तव्याची मीमांसा केली, पण आपली फरशी हे दुसऱ्याचं छत असतं, हे त्या दिवशी कळलं.

मग तेलाचा ट्रेनर घेतला, टायर बदलला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून प्लायचा तुकडा आणून त्याच्या खाली-वर जाड रबर घातलं. कारण कानाला ऐकू येणारा आवाज वेगळा आणि स्लॅबमधून उतरणारी थरथर वेगळी; महागड्या यंत्रानेही दुसरी पूर्ण जात नाही. शेवटी वेळच बदलली, संध्याकाळी पाच. सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणकारी उपाय तोच ठरला.

तेव्हा श्रोतेहो, दुकानात जाण्याआधी तीन प्रश्न विचारा. मला काय कमी पडतंय, दम की तोल? माझ्या सायकलीला काय बसतं? आणि माझ्या खाली कोण झोपतं? तिसऱ्याचं उत्तर यंत्राच्या खोक्यावर छापलेलं नसतं. घरच्या कोणाला तरी सायकलवर बसवा आणि स्वतः खालच्या घरी जाऊन पाच मिनिटं उभे राहा. चहासुद्धा मिळेल.