विसूचिका आणि जीवाणूचे विष-जनुक

पावसाळ्याच्या प्रारंभी विहिरींत व जलवाहिन्यांत गढूळ पाणी शिरू लागले की चाकूर परिसरातील वैद्यांकडे जुलाब-वांतीचे रुग्ण वाढतात. त्यांपैकी बहुतेकांस साधा अतिसार असतो. परंतु तांदळाच्या धुवणासारखे मलप्रवर्तन होऊन काही तासांतच डोळे खोल गेल्यास पटकीची शंका घेतलीच पाहिजे.

पटकीचा जीवाणू व्हिब्रिओ कॉलरी हा पाण्यात वास करतो. त्याचे बहुसंख्य प्रकार पटकी उत्पन्न करीत नाहीत. मग काहीच प्राणघातक का ठरतात? १९५९ साली कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून दाखविले की, जीवाणूने स्रवलेले विष हेच रोगाचे कारण होय. १९९६ साली वाल्डोर व मेकॅलॅनोस या अमेरिकी संशोधकांनी सिद्ध केले की, या विषाची जनुके एक जीवाणूभक्षक विषाणू वाहून आणतो. म्हणजेच विषहीन जीवाणूही विषधारी होऊ शकतो.

या विषाचे पाच ‘ब’ घटक आंत्रपेशीस चिकटतात. ‘अ’ घटक आत शिरून चक्रीय एएमपीचे प्रमाण वाढवितो. परिणामी क्लोराइड व त्यामागोमाग पाणी आतड्यात ओतले जाते. मात्र ग्लुकोजसह सोडियम शोषण्याचा मार्ग अबाधित राहतो. ओआरएसचे सामर्थ्य यातच आहे.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. २०१० साली हैतीतील साथीत ‘ब’ घटकाच्या जनुकाचा एक बदललेला प्रकार आढळला. नांदेडला लागून असलेल्या यवतमाळ येथे साथीनंतरही तेच जनुक असलेला जीवाणू टिकून असल्याचे व तो सिप्रोफ्लॉक्सासिनला कमी दाद देत असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नमूद आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानात विसूचिकेचा विचार आमप्रदोषात केला असून जनपदोद्ध्वंसाच्या कारणांत दूषित जलाचा समावेश आहे. आम म्हणजेच हे विष, असे समीकरण मांडणे योग्य नव्हे; परंतु आमातिसारात प्रारंभी स्तंभन करू नये हा दंडक येथेही मार्गदर्शक आहे. जुलाब अडविणारी औषधे पटकीत टाळावीत.

वैद्यांनी पहिल्या भेटीतच ओआरएस सुरू करावे. नाडी क्षीण झाल्यास, मूत्रप्रवृत्ती थांबल्यास किंवा वांतीमुळे ओआरएस पोटात राहत नसल्यास शिरेवाटे द्रव देण्याची सोय असलेल्या रुग्णालयात रुग्णास विनाविलंब पाठवावे. शक्यतो प्रतिजैविकापूर्वी मलाचा नमुना घ्यावा व प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. गावातील पहिला रुग्ण बहुधा आपल्याच दारी येतो. त्याची वेळीच दिलेली सूचना उर्वरित गावाचे रक्षण करू शकते.