लंडनमध्ये जन्मलेला मुंबईचा इन्स्पेक्टर

होम्स आणि प्वारोच्या चाहत्यांना गणेश घोटेही आवडेल. मुंबई सीआयडीचा हा भिडस्त, सरळमार्गी मराठी इन्स्पेक्टर एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने उभा केला.

घोटेची पहिली कादंबरी ‘द परफेक्ट मर्डर’ १९६४ची. मिस्टर परफेक्ट या पारशी सेक्रेटरीवर हल्ला होतो आणि तपास घोटेच्या गळ्यात पडतो. वरून साहेबांचा तगादा, पाठीशी चौकस स्वीडिश पाहुणा आणि घरी वाट पाहणारी बंगाली पत्नी प्रतिमा. या कादंबरीला ‘गोल्ड डॅगर’ पुरस्कार मिळाला.

गंमत म्हणजे तेव्हा कीटिंग यांनी भारत पाहिलाच नव्हता!

पुढे बीबीसीच्या मालिकेत झिया मोहिद्दीन यांनी, तर १९८८च्या मर्चंट-आयव्हरी चित्रपटात नसीरुद्दीन शाह यांनी घोटे साकारला.