पायमोजे, हातविणीचे

पायमोजे, हातविणीचे : तळपाय, घोटा व पोटरीचा खालचा भाग झाकण्यासाठी सुयांवर विणलेले, नळीच्या आकाराचे बिनशिवणीचे वस्त्र. प्रस्तुत नोंदीत ताणशील धाग्याच्या साध्या मोज्यांची माहिती दिली आहे.

ईजिप्तमध्ये सापडलेले इ. स. तिसऱ्या ते पाचव्या शतकांतील लोकरी मोजे विणलेले भासत असले, तरी ते एकाच सुईने फास गुंफून केलेले आहेत. दोन वा अधिक सुयांवरील विणकाम त्यानंतरचे होय. विल्यम ली यांनी १५८९ मध्ये इंग्लंडमध्ये मोजे विणण्याचे यंत्र तयार केले व पुढे हा व्यवसाय क्रमाने यंत्राकडे गेला. हातविणीचे मोजे मात्र घरगुती कला म्हणून टिकून राहिले.

धागा : विणलेले कापड एकमेकांत अडकलेल्या फासांचे असल्याने ते मुळातच ताणले जाते. लोकरीचा तंतू नैसर्गिक रीत्या कुरळा असल्यामुळे असे कापड पूर्ववत आकसते; सुती धागा तसा आकसत नाही व मोजा लवकर सैल होऊन घसरतो. हा दोष घालविण्यासाठी सुतात इलॅस्टेन (स्पँडेक्स) मिसळतात. जोसेफ शिव्हर्स यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीत विकसित केलेला हा पॉलियुरेथेनाचा तंतू मूळ लांबीच्या पाचपटींहूनही अधिक ताणला जाऊन पूर्वस्थितीत येतो. म्हणून मिश्रणात त्याचे प्रमाण अल्प असले, तरी पुरते. घाम शोषणारे सूत व ताण देणारा तंतू यांचा हा संयोग उष्ण हवामानात विशेष सोयीचा ठरतो.

मापन : ताणशील धाग्याच्या विणकामातील मुख्य अडचण मापाची असते. धागा ओढून विणल्यास सुईवर कापड योग्य मापाचे दिसते; परंतु सुईवरून उतरताच ते आकसते व मोजा तोकडा होतो. यासाठी गुंडाळीतून पुरेसा धागा आधीच सैल सोडून मग विणतात. नमुन्याचा चौकोनी तुकडा विणून, धुऊन, न ताणता वाळवितात आणि मगच त्यावरील टाके मोजतात. मोजा पायाच्या घेरापेक्षा सु. दहा टक्के लहान ठेवतात. उदा., चवड्याचा घेर २२ सेंमी. असल्यास मोज्याचा घेर सु. २० सेंमी. धरतात; नमुन्यात १० सेंमी. रुंदीत ३० टाके बसत असतील, तर ६० टाके घालावे लागतात.

कृती : दोन्ही बाजूंना टोके असलेल्या पाच बारीक सुयांच्या संचापैकी चार सुयांवर प्रत्येकी १५ टाके घेऊन पाचवीने गोलाकार विणतात. टाचेवरून तिरकस घेतलेला पायाचा घेर सर्वांत मोठा असल्याने सुरुवातीचे टाके सैल घालणे आवश्यक असते. वरची पट्टी दोन सुलट, दोन उलट अशी व पुढील नळी सर्व सुलट विणतात. टाचेसाठी निम्म्या, म्हणजे ३० टाक्यांवर ३० ओळींची पट्टी विणतात व प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलतात. नंतर मधल्या टाक्यांवर मागेपुढे विणत दर ओळीस एक टाका घटवून १८ टाके ठेवतात. त्यामुळे टाचेची वाटी तयार होते. पट्टीच्या दोन्ही कडांवरून प्रत्येकी १५ टाके उचलल्यावर एकूण ७८ टाके होतात. ते एक फेरा सोडून दर फेऱ्यास दोन याप्रमाणे घटवून पुन्हा ६० करतात. पायाच्या लांबीस सु. ५ सेंमी. कमी असताना बोटांचा भाग सुरू करतात. त्यात एकाआड एक फेऱ्यात चार टाके घटवितात. उरलेले २० टाके दहा-दहांच्या दोन ओळी समोरासमोर ठेवून सुईदोऱ्याने जोडतात. या जोडणीस उंचवटा येत नाही व बोटांना शिवण टोचत नाही.

उपयोग व निगा : वरची पट्टी घट्ट झाल्यास पोटरीवर वळ उमटतात, मोजा सैल झाल्यास बुटात घड्या पडून कातडी सोलवटते. मधुमेहात पायाची संवेदना मंदावलेल्या व्यक्तीस अशी इजा जाणवत नाही व लहान जखमही चिघळण्याचा धोका असतो. पायास सूज असणाऱ्यांच्या बाबतीतही माप संध्याकाळी, पाय सुजलेला असताना घेणे हिताचे असते. अशा मोज्यांत पट्टीचा ताण कमी ठेवतात. उष्णता व क्लोरीनयुक्त विरंजक यांमुळे इलॅस्टेनाची ताणशक्ती घटते. म्हणून हे मोजे थंड वा कोमट पाण्यात धुऊन, न पिळता सावलीत पसरून वाळवितात. त्यांना इस्त्री करीत नाहीत.