गोमेदाचे चुंबकी भाऊबंद

अंगठीतला गोमेद, म्हणजे एक गार्नेट, चुंबकाला जाऊन चिकटत नाही. पण त्याच्या अणूंची मांडणी तशीच ठेवून कॅल्शियमच्या जागी यट्रियम बसवा, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या जागी लोखंड. झालं यट्रियम आयर्न गार्नेट, लाडकं नाव यिग! फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात बेर्तो आणि फोरा या संशोधकांनी १९५६ मध्ये हे चुंबकी गार्नेट जगापुढे आणलं.

यिगच्या सूत्रात लोखंडाचे पाच अणू असतात. तिघांचं तोंड एका दिशेला, दोघांचं विरुद्ध. उरलं एका अणूचं बळ, आणि यिगचं सगळं चुंबकत्व तेवढंच.

यट्रियम स्वतः चुंबकी नाही. त्याच्या जागी गॅडोलिनियम आणलं की खरी रंगत येते. ते लोखंडाच्या उरलेल्या बळाला थेट विरोध करतं. कडाक्याच्या थंडीत गॅडोलिनियम वरचढ, तापवलं की लोखंड. खोलीच्या तापमानाच्या जरा खाली दोघांची बरोबरी होते आणि एकूण चुंबकत्व चक्क शून्यावर येतं. तरीही त्या क्षणी स्फटिकातून प्रकाश सोडला, तर प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळतेच! वळवण्याचं काम मुख्यतः लोखंडाचं, आणि लोखंड आत शिस्तीत उभंच असतं. या साऱ्या कुळात मला याहून सुंदर काही दिसत नाही.

चुंबकामुळे प्रकाशाची कंपनदिशा फिरते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८४५ मध्ये काचेत पाहिलं. गंमत परतीच्या वाटेवर आहे. साखरेच्या पाण्यातून प्रकाश माघारी आला की वळण पुसलं जातं. गार्नेटमध्ये ते दुप्पट होतं. जाताना ४५ अंश, येताना आणखी ४५. आडव्या झालेल्या त्या प्रकाशाला ध्रुवक, म्हणजे एकाच कंपनदिशेचा प्रकाश सोडणारी गाळणी, दारातच अडवतो. फायबर ऑप्टिकच्या लेसरांना परतणाऱ्या उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून हीच युक्ती वापरतात. शुद्ध यिगला त्यासाठी अडीच-एक मिलिमीटर जाडी लागते. यट्रियमच्या जागी थोडं बिस्मथ घुसवा, सुमारे अर्ध्या मिलिमीटरमध्ये काम फत्ते.

गुरुत्वलहरी टिपणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांत हेच राखणीचं काम टर्बियम गॅलियम गार्नेट करतं. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळची लायगो-इंडिया त्याच आराखड्यावर उभी राहणार आहे.

चुंबकी गार्नेटच्या पातळ थरात चुंबकत्वाचे इवलेसे बुडबुडे तयार होतात, आणि ध्रुवित प्रकाशात सूक्ष्मदर्शकाखाली ते पळताना दिसतात. एक बुडबुडा म्हणजे एक बिट. वीज गेली तरी माहिती शाबूत! १९८२ च्या ग्रिड कंपास या लॅपटॉपमध्ये हीच स्मृती होती आणि तो अंतराळयानातूनही फिरून आला. असे थर वाढवायला लागते गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटची चकती. पारदर्शक आणि लखलखीत असलेला हाच स्फटिक १९७० च्या दशकात पैलू पाडून हिऱ्याऐवजी दागिन्यांत बसवला जात होता.