आधी नियम, मग नेम!

ऑक्टोबरमधल्या हाफ-टर्मची सुट्टी, बाहेर वेम्बलीचा ठरलेला पाऊस आणि आमच्या फ्रंट रूममध्ये सहा मुलं मिळून आकाशगंगा वाटून घेत बसलेली! खेळाचं नाव 'इक्लिप्स'. फिनलंडच्या टोउको ताहकोकालिओ ह्या गृहस्थांनी तो २०११ साली आणला. २०२० मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली, ती आमच्या घरी आहे. षट्कोनी तुकडे जोडत अवकाश उलगडायचं, जहाजं बांधायची आणि आठ फेऱ्यांनंतर ज्याचे गुण जास्त तो जिंकला.

तिसऱ्या तासाला भडका उडाला. चौदा वर्षांच्या आमच्या भाच्याने आमच्या चिरंजीवांशी मैत्रीचा करार केला होता, आणि त्याच्याच हद्दीत दोन जहाजं घुसवली. "दादा, तू चीटिंग केलंस!" "मामा, मी फक्त मूव्ह केलंय, अटॅक कुठे केलाय?" पट उधळला गेला. त्यानंतर दोन आठवडे दोघं एकमेकांशी बोलेनात. ह्या देशात जवळची म्हणावीत अशी भावंडं ती दोनच, तेव्हा आमचा जीव कासावीस झाला.

खरं तर चूक आमचीच. "बाकीचं खेळता खेळता कळेल" म्हणून नियम आम्हीच घाईत सांगितले होते. आई म्हणाली, "अरे, आम्ही पचिशी मांडायचो तेव्हा सोंगटी कुठे मारायची नाही हे आधी ठरवायचो. पुस्तक वाच की नीट!" त्याच पचिशीचा इंग्रजी अवतार म्हणजे लूडो. इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट १८९६ साली घेतलं गेलं. घोळ झाला तो लूडोच्याच सवयीने! लूडोत घरावर पोचलं की सोंगटी तिथल्या तिथे मरते. इथे तसं नाही.

पाळीला एकच कृती: शोध, प्रभाव, संशोधन, सुधारणा, बांधणी किंवा हालचाल. दर कृतीला एक चकती जाते, आणि चकत्या जितक्या जास्त वापराल तितका फेरीअखेरचा खर्च वाढतो. 'पास' म्हटल्यावरही थोडी बांधणी, सुधारणा वा हालचाल करता येते, पण चकती लागतेच.

जहाज परक्या हद्दीत शिरलं तरी लढाई लगेच होत नाही. सगळे पास झाल्यावरच ती होते. मधल्या वेळात समोरच्याला कुमक आणता येते. शिवाय शत्रूचं एकेक जहाज आपलं एकेक जहाज अडकवून ठेवतं.

लढाईत ज्याची चपळाई जास्त तो आधी, बरोबरी झाली तर बचाव करणारा आधी. फाशावरच्या आकड्यात आपल्या संगणकाचे गुण मिळवायचे आणि त्यातून शत्रूच्या ढालीचे वजा करायचे. सहा किंवा जास्त आले तर नेम लागला. चार पडले, संगणकाचे दोन, ढालीचा एक वजा, म्हणजे पाच: नेम चुकला! मात्र फाशावर सहा पडले तर नेम लागतोच आणि एक पडला तर हुकतोच.

आता मूळ भांडण. लढाई नंतर होते, इथपर्यंत भाचा बरोबर होता. पण करार असलेल्याच्या हद्दीत जहाज नेलं की करार त्याच क्षणी मोडतो. मोडणाऱ्याच्या गळ्यात 'गद्दार' हा तुकडा पडतो, आणि तो शेवटपर्यंत राहिला तर दोन गुण वजा. म्हणजे चिरंजीवही बरोबर! करार मोडणं ही मात्र चीटिंग नव्हे. खेळात त्याला मुभा आहे, फक्त किंमत मोजायची.

हे सगळं एका कागदावर मराठीत लिहून आम्ही खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलं. आईने ते दोघांना समोर बसवून मोठ्याने वाचून घेतलं. भाच्याची मराठी अडखळली तेव्हा चिरंजीवांनी शब्द पुरवला. दोन आठवड्यांतला तो पहिला शब्द!

पुढच्या शनिवारी भाच्याने पुन्हा करार मोडला. पण ह्या वेळी "दोन गुण गेले तर गेले" म्हणत गद्दाराचा तुकडा स्वतःच उचलला. चिरंजीव हसले आणि पास म्हणायच्या आत त्यांनी तीन जहाजं बांधली.

वाचकहो, तुमच्या घरी कुठलाही खेळ असो, झाकणाला असा एक कागद जरूर चिकटवा.