गोठ्यातील लोखंड आणि चुंबकाचा वापर

कडबा अख्खा न घालता त्याची कुट्टी करून घाला, वैरण वाया जात नाही, असे आम्ही नेहमी सांगतो. ते खरेच आहे. परंतु पेंडीत तारेचा तुकडा राहिला असेल, तर कुट्टी यंत्र त्या एका तुकड्याचे तीन-चार अणकुचीदार तुकडे करते आणि ते कुट्टीत बेमालूम मिसळतात. ही बाजू आमच्याकडून सांगायची राहून जाते.

गाय-म्हैस वैरण निवडून खात नाही. जिभेने ओढून, अर्धवट चावून गिळते. गिळलेले लोखंड जड असल्याने दुसऱ्या पोटात, म्हणजे जाळीपोटात, जाऊन बसते. हे पोट सारखे आकुंचन पावत असते, त्यामुळे तारेचे टोक त्याच्या भिंतीत घुसते. पुढे श्वासपटल आणि त्यापलीकडे अगदी जवळ हृदय. गाभणकाळाच्या अखेरीस व विताना पोटावर दाब वाढतो, तेव्हा हा धोका अधिक.

आमच्या घरची एक पंढरपुरी म्हैस अशीच गेली. दूध एकाएकी आटले, चारा सोडला, पाठीला बाक आला, उठता-बसता कण्हू लागली. आम्ही अपचन समजून आठवडाभर घरगुती काढे पाजले. नंतर पोळीला सूज आली, मानेची शीर फुगली. शवविच्छेदनात हृदयाच्या आवरणात बोटभर बांधणी तार निघाली. गोठ्याचा कोबा करताना सळया बांधायला आणलेली ती तार होती, चूक आमचीच.

सोलापूर जिल्ह्यात अशा तारेला तोटा नाही. द्राक्षबागेच्या मांडवाच्या तारा, घरबांधकामाची बांधणी तार, पेंडीची पोती शिवायची दाभणे, जाळलेल्या टायरची तार. अलीकडे मुरघासावर वजनाला जुने टायर ठेवतात. ते विरून त्यातील बारीक तारा थेट चाऱ्यात पडतात. टायरऐवजी मातीच्या गोण्या ठेवाव्यात.

परदेशात यंत्राने जमिनीतील जुनी नाणी शोधणारे हौशी लोक आहेत. खणताना मातीतला खिळा चटकन बाजूला काढता यावा म्हणून त्यांतील काही जण खुरप्याच्या किंवा फावड्याच्या मुठीला चुंबक बसवतात. (सोन्या-चांदीला चुंबक धरत नाही, हे त्यांना सोयीचेच. आपल्याकडे मात्र रानात दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास १८७८ च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.) हीच युक्ती गोठ्यात उपयोगी पडते.

बिघडलेल्या मोठ्या लाऊडस्पीकरमधील गोल चुंबक भंगारात मिळतो. तो खोऱ्याच्या पात्याला चिकटवू नये, त्याचा बराचसा जोर पात्यातच जिरतो. लाकडी दांड्याच्या वरच्या टोकाला तो नट-बोल्टने पक्का बसवावा. खोरे उलटे धरून हे टोक गव्हाणीच्या तळातून, गंजीच्या बुडातून व अंगणातून फिरवावे. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते, म्हणून जमिनीपासून दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा वर धरू नये. चुंबकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवली, तर पिशवी उलटी करून काढताच खिळे सुटून पडतात. चुंबकाला चिकटलेले लोखंडाचे बारीक कण सोलत बसावे लागत नाही.

दुसरा चुंबक कुट्टी यंत्राला. तो पेंडी सरकवतो त्या बाजूला लावण्यात फारसा अर्थ नाही, कारण पेंडीच्या आतली तार बाहेर ओढली जात नाही. कुट्टी बाहेर पडते तेथे लाकडी घसरती फळी ठेवून तिच्यावर आडवे दोन-तीन चुंबक बसवावेत. कुट्टीचा पातळ थर त्यांवरून गेला पाहिजे, जाड थरात वरची तार तशीच निसटते. फळी रोज पुसावी. यंत्र चालू असताना हात घालू नये. निघालेले लोखंड डब्यात साठवून भंगारात द्यावे. उकिरड्यावर टाकल्यास ते शेणखतातून पुन्हा रानात जाते.

एवढे करूनही तांबे, अॅल्युमिनियम व स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकार चुंबकाला लागत नाहीत. पेंडी सोडताना डोळ्यांनी पाहणे सुटत नाही.

मी कृषिविद्येचा शिक्षक, जनावरांचा डॉक्टर नव्हे. तरी एवढे सांगतो, वर लिहिलेली लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलवावे. धातुशोधक यंत्राने पोटात धातू आहे एवढे कळते, तो टोचतो आहे की नाही हे कळत नाही. निरोगी जनावरांच्या पोटातही खिळे सापडतात. वेळीच निदान झाले, तर डाव्या कुशीत छेद घेऊन लोखंड काढता येते. हृदयापर्यंत पोचल्यावर सहसा उपाय चालत नाही.

जनावराला गिळवण्यासाठी गुळगुळीत, लांबट चुंबक मिळतो. साधारण वर्षाच्या कालवडीला तो पशुवैद्यकाकडून द्यावा. तो जाळीपोटात राहतो व आलेले लोखंड स्वतःभोवती धरून ठेवतो. स्पीकरच्या चुंबकाचे तुकडे मात्र कदापि चारू नयेत, त्यांच्या कडा धारदार असतात. बटणासारखे छोटे, जोरकस चुंबक मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. दोन गिळले गेल्यास आतड्याला भोक पडू शकते.

विकत घेतलेल्या गाईला पूर्वी चुंबक दिलेला आहे का, हे पाहायचे असल्यास होकायंत्र डाव्या कोपराच्या मागे, छातीच्या खालच्या अंगाला धरावे. चुंबक असेल तर सुई दिशा सोडून फिरते, आणि मग दुसरा देण्याची गरज नसते.